फुकटचा दवाखाना

अमेरिकेतला पहिला आधुनिक आरोग्य विमा कुणासाठी निघाला होता, सांगा बघू? गिरणी कामगारांसाठी नाही, सैनिकांसाठी नाही. शाळेतल्या मास्तर-मास्तरणींसाठी! मी जन्मभर इतिहास शिकवला, पण ही गोष्ट मला कळली ती निवृत्तीनंतर, मुलीकडे अमेरिकेत गेले असताना, तिथल्या गावच्या वाचनालयात. तेव्हापासून हा विषय काही माझी पाठ सोडत नाही.

तर गोष्ट टेक्सासमधल्या डॅलस शहराची, १९२९ सालची. जस्टिन फोर्ड किंबॉल नावाचे गृहस्थ तिथल्या बेलर विद्यापीठाच्या इस्पितळाचा कारभार बघत होते. त्याआधी ते शहरातल्या सगळ्या शाळांचे प्रमुख होते, म्हणजे आपल्याकडचे शिक्षणाधिकारीच म्हणा ना. थकलेल्या बिलांचा गठ्ठा चाळताना त्यांना एकामागून एक ओळखीची नावं दिसायला लागली. सगळे शिक्षक! किंबॉलसाहेबांनी हिशेब मांडला आणि योजना काढली: शिक्षकाने महिन्याला ५० सेंट भरायचे, म्हणजे वर्षाला ६ डॉलर, आणि गरज पडली तर इस्पितळात २१ दिवस राहायचं. हजाराहून जास्त शिक्षकांनी नावं नोंदवली. बर्फावरून घसरून घोटा मोडलेल्या एका बाईंना पहिला लाभ मिळाला. पुढे याच कल्पनेतून ब्लू क्रॉस नावाची देशभरची विमा योजना उभी राहिली.

यात माणुसकी होती, तशी इस्पितळाची गरजही होती. रिकाम्या खाटा आणि बुडीत बिलं कुणाला परवडतात? पण मला यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. हा विमा 'शिक्षक' म्हणून मिळाला. नोकरी म्हणून मिळाला. अमेरिकेतल्या आरोग्य विम्याचा सगळा पुढचा इतिहास या एका वाक्यात आहे, आणि तिथल्या फुकटच्या दवाखान्यांचाही.

फुकटचा म्हटलं की आपल्याला त्यात थोडी हेटाळणी ऐकू येते. धर्मार्थ दवाखाना म्हटलं की बरं वाटतं. माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावात असा एक होता. घरून बाटली न्यायची, कंपाउंडर गुलाबी औषध भरून वर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा, एक एक खूण म्हणजे एक एक डोस. अमेरिकेत अशा दवाखान्यांची परंपरा विम्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. पहिला निघाला फिलाडेल्फियात, १७८६ मध्ये. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे डॉक्टर बेंजामिन रश त्याच्या संस्थापकांपैकी एक. पुढच्या दहा वर्षांत न्यूयॉर्क आणि बॉस्टनमध्येही असे दवाखाने झाले. (फिलाडेल्फिया म्हटल्यावर मराठी माणसाला आनंदीबाई जोशी आठवणारच. त्या तिथल्या महिलांच्या वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाल्या १८८६ साली, त्या दवाखान्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी!)

या दवाखान्यांची रीत मोठी बघण्यासारखी होती. शहरातले प्रतिष्ठित लोक वर्षाची वर्गणी भरत आणि वर्गणीदाराला चिठ्ठी देण्याचा हक्क मिळे. घरची मोलकरीण किंवा गल्लीतला मोची आजारी पडला, तर साहेबांनी लिहून द्यायचं: हा माणूस गरीब आहे, पण चांगला आहे, याला औषध द्यावं. डॉक्टर पैसे घेत नसत. तरुण डॉक्टरांना तिथे हात बसवायला मिळे आणि नावही होई.

ही चिठ्ठी लक्षात ठेवा. ती पुढे वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दवाखान्यांत इतकी गर्दी होऊ लागली, की शहरातले धंदा करणारे डॉक्टर चिडले. म्हणाले, पैसे देऊ शकणारे लोकही फुकट औषध लाटतात! वैद्यकीय मासिकांतून यावर वर्षानुवर्षं वाद झडला. शेवटी न्यूयॉर्क राज्याने १८९९ मध्ये कायदाच केला, की आपण गरीब आहोत असं खोटं सांगून फुकट उपचार घेणं हा गुन्हा. खरा गरीब कोण आणि ते कुणी ठरवायचं? आपल्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. धर्मादाय इस्पितळांत निर्धनांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात, पण ती खाट मिळायलाही निर्धन असल्याचा कागद हवाच ना! असो.

विसाव्या शतकात एक्स-रे आले, रक्त-लघवीच्या तपासण्या आल्या, आणि चिठ्ठी-बाटलीचे जुने दवाखाने मागे पडले. १९२०च्या दशकापर्यंत बरेचसे मोठ्या इस्पितळांच्या बाह्यरुग्ण विभागांत विरून गेले. त्याच सुमाराला किंबॉलसाहेबांचा विमा आला. मग आलं दुसरं महायुद्ध. महागाई आवरण्यासाठी सरकारने १९४२ मध्ये पगार गोठवले. पगार वाढवता येईना, पण माणसं तर हवीत, म्हणून कारखानदार सांगू लागले, आमच्याकडे या, आम्ही तुमचा विमा उतरवतो. हा विमा पगारात धरायचा नाही असं ठरलं, पुढे करातूनही सूट मिळाली. १९४० साली जेमतेम दहातल्या एका अमेरिकनाकडे विमा होता. १९५० येईतो तो निम्म्या लोकांकडे आला. लोकसभेत चर्चा होऊन, देशाने विचार करून ही पद्धत स्वीकारली असं कधी झालंच नाही. एका युद्धकाळातल्या तडजोडीवर अख्ख्या देशाचं आरोग्य उभं राहिलं. ट्रूमन अध्यक्षांनी १९४५ मध्ये सर्वांसाठी राष्ट्रीय विम्याचा प्रस्ताव मांडला होता, तो डॉक्टरांच्या संघटनेने हाणून पाडला. १९६५ मध्ये जॉन्सन अध्यक्षांनी म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजना आणल्या, तेव्हा ते सही करायला मुद्दाम ट्रूमनच्या गावी गेले.

म्हणजे चांगली नोकरी असलेल्यांना विमा, म्हाताऱ्यांना विमा, गरिबांना विमा. राहिलं कोण? खूप लोक राहिले! मेडिकेड हे सगळ्या गरिबांसाठी नव्हतंच. ते लहान मुलं, त्यांच्या आया, अपंग, अशा ठरावीक गरिबांसाठी. धडधाकट, पोरंबाळं नसलेला, दोन ठिकाणी अर्धवेळ राबणारा माणूस कुठल्याच रकान्यात बसेना.

आणि तिथेच फुकटचा दवाखाना पुन्हा उगवला. १९६७च्या उन्हाळ्यात देशभरातून हजारो तरुण मुलं-मुली घर सोडून सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइट-अ‍ॅशबरी भागात येऊन राहिली. हिप्पी म्हणून आपण त्यांची चित्रं पाहिलेली आहेत. उपास, उघड्यावर झोपणं, अमली पदार्थ, गुप्तरोग... शहराची इस्पितळं त्यांना दारात उभी करेनात. डेव्हिड स्मिथ नावाच्या तरुण डॉक्टरांनी ७ जून १९६७ रोजी तिथे एक मोफत दवाखाना उघडला. औषधोपचार ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे त्यांचं ब्रीद. खर्चासाठी रॉक संगीताचे जलसे व्हायचे! त्याच काळात ब्लॅक पँथर पक्षाच्या काळ्या तरुणांनीही आपल्या वस्त्यांतून दवाखाने काढले. १९७० मध्ये पक्षाने शाखाशाखांना तसा आदेशच दिला होता. बंदुका घेतलेले त्यांचे फोटो जगभर छापून आले, पण रक्त तपासायला बसलेल्यांचे फारसे नाहीत. सिकलसेल हा रक्ताचा आजार काळ्या लोकांत जास्त, आणि सरकारचं तिकडे लक्ष नव्हतं. यांनी दारोदार जाऊन तपासणी सुरू केली, आणि १९७२ मध्ये सरकारला त्यावर कायदा करावा लागला. (सिकलसेल आपल्या विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागांतही आहे, म्हणून हे वाचताना मी जरा थांबले होते.)

आणखी एका डॉक्टरांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जॅक गायगर. विद्यार्थी असताना हे दक्षिण आफ्रिकेतल्या फोलेला गावी जाऊन सिडनी आणि एमिली कार्क या दांपत्याचं काम पाहून आले होते. पुढे सरकारी पैशातून त्यांनी मिसिसिपीतल्या माउंड बायू इथे आरोग्य केंद्र काढलं. कापसाच्या मळ्यांतून कामावरून निघालेली काळी कुटुंबं, पोरांच्या हातापायांच्या काड्या. गायगर औषधाच्या चिठ्ठीवर लिहू लागले: दूध, भाजी, मांस. गावातल्या किराणा दुकानदाराने ती चिठ्ठी घेऊन माल द्यायचा आणि बिल केंद्राच्या औषधखात्यावर टाकायचं. वरून विचारणा झाली, औषधाच्या पैशातून अन्न कसं काय? तर यांचं उत्तर असं, की आमच्या वैद्यकाच्या पुस्तकांत कुपोषणावर अन्न हेच औषध सांगितलंय! चिठ्ठीच, पण १७८६ च्या चिठ्ठीपेक्षा किती वेगळी. गायगर यांच्यासारख्यांच्या कामातून पुढे देशभर सरकारी मदतीची आरोग्य केंद्रं झाली. ती ऐपतीप्रमाणे पैसे घेतात. संपूर्ण फुकटचे दवाखाने त्यांच्याहून निराळे, ते बहुतेक देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालतात.

आता स्टॅन ब्रॉक. हे डॉक्टर नव्हेतच. इंग्लंडात जन्मले, सतराव्या वर्षी ब्रिटिश गियानाला गेले आणि तिथल्या कुरणांवर गुराखी झाले. एकदा घोड्याने त्यांना जबर दुखापत केली. डॉक्टर कुठे? तर चालत २६ दिवसांच्या वाटेवर! पुढे अमेरिकेत दूरदर्शनवर वन्यप्राण्यांच्या मालिकेमुळे प्रसिद्ध झाले, पण ते २६ दिवस विसरले नाहीत. १९८५ मध्ये त्यांनी रिमोट एरिया मेडिकल नावाची संस्था काढली, ती जंगलातल्या लोकांकडे विमानाने डॉक्टर न्यायला. गंमत म्हणा की दुर्दैव, काही वर्षांतच त्यांना खुद्द अमेरिकेतून बोलावणी येऊ लागली. टेनेसीतल्या डोंगरी गावांतून, व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखातून. संस्थेचं कार्यालय एका जुन्या शाळेच्या इमारतीत होतं. ब्रॉक तिथेच जमिनीवर झोपत, घर नाही, पगार नाही. २०१८ मध्ये, ८२व्या वर्षी ते गेले.

त्यांच्या शिबिरांत एक अडचण अशी, की एका राज्याचा डॉक्टर दुसऱ्या राज्यात परवान्याशिवाय फुकटसुद्धा रोग्याला हात लावू शकत नाही. टेनेसीने १९९५ मध्ये कायदा बदलून मुभा दिली, इतर अनेक राज्यं कितीतरी वर्षं अडून बसली. व्हर्जिनियात वाइज परगण्याच्या जत्रेच्या मैदानावर २००० सालापासून दर उन्हाळ्यात शिबिर भरू लागलं. लोक आदल्या रात्रीच येऊन गाडीत झोपत, पहाटे फाटकाशी नंबर वाटत. एरवी जनावरं बांधायच्या गोठ्यांत पडदे लावून तपासणी चाले. २००७ मध्ये वेंडेल पॉटर नावाचे गृहस्थ तिथे सहज म्हणून गेले. एका बड्या विमा कंपनीचे ते जनसंपर्क अधिकारी. विमा कंपन्या कशा चांगल्या, हे लोकांना पटवणं हीच त्यांची नोकरी. ओल्या मैदानावर रांगेत उभी असलेली माणसं त्यांनी पाहिली, आणि पुढच्या वर्षी नोकरी सोडली. २००९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्यांनी आपल्याच धंद्याविरुद्ध साक्ष दिली.

या शिबिरांत सगळ्यात लांब रांग कशाची असायची? दात काढायची आणि चष्म्याची! हृदयाची नाही, कॅन्सरची नाही. कारण म्हाताऱ्यांच्या मेडिकेअरमध्ये १९६५ पासून नेहमीचे दात, चष्मा, कर्णयंत्र हे येतच नाही. मोठ्या माणसांच्या दातांचं काय करायचं हे मेडिकेडने राज्यांवर सोडलेलं. जणू दात आणि डोळे शरीराबाहेरचे! दाताचं दुखणं घेऊन इमर्जन्सीत गेलात तर वेदनेची गोळी मिळते, दात तसाच. १९८६ च्या कायद्याने इस्पितळांना जिवावर बेतलेल्या माणसाला परत पाठवता येत नाही हे खरं, पण नंतर बिल येतंच.

२०१० मध्ये ओबामांचा कायदा झाला. ठरावीक गरिबांऐवजी सगळ्याच गरिबांना मेडिकेड, इतरांना हप्त्यात सवलत. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेड वाढवणं राज्यांच्या मर्जीवर सोडलं. ज्यांनी वाढवलं त्यांत आर्कान्सा होतं. तिथे मीना नावाच्या छोट्या गावात एक मोफत दवाखाना होता, तो २०१४ मध्ये बंद झाला. का? तर रोगीच येईनात, सगळ्यांना विमा मिळाला! दवाखाना बंद पडल्याची बातमी चालवणाऱ्यांनीच आनंदाने सांगावी, असं क्वचितच घडतं.

पण याच आर्कान्साने जून २०१८ पासून एक नियम आणला. मेडिकेड हवं तर महिन्याला ८० तास काम करा आणि दर महिन्याला तसं कळवा. कळवायचं सुरुवातीला फक्त इंटरनेटवर. आणि ते संकेतस्थळ रात्री ९ ते सकाळी ७ बंद! दिवसभर राबणाऱ्याने कळवायचं तरी कधी? काही महिन्यांत सुमारे १८,००० लोकांचा विमा गेला. त्यातले कितीतरी काम करतच होते, त्यांचं काम कागदावर पोचलं नाही एवढंच. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने तो नियम थांबवला. आता हा नियम कुणी आळशी लोकांना वठणीवर आणण्यासाठी केला की खर्च कमी करण्यासाठी, यावर तिथे भरपूर वाद आहे. मी एवढंच म्हणेन, की तीस-बत्तीस वर्षं पगारपत्रकं, दाखले आणि माहितीचे तक्ते भरलेल्या बाईला, फॉर्म हा माणसाला बाहेर ठेवायचा किती सभ्य मार्ग आहे, हे कुणी शिकवायला नको.

करोनाच्या काळात, मार्च २०२० पासून, कुणालाही मेडिकेडमधून काढायचं नाही असं ठरलं होतं. एप्रिल २०२३ मध्ये ती सूट संपली, पुन्हा पात्रता तपासणी सुरू झाली आणि अडीच कोटींहून अधिक माणसं बाहेर पडली. काहींना नंतर परत मिळालं. पण बाहेर पडलेल्या दर दहातल्या जवळजवळ सात जणांना अपात्र म्हणून काढलंच नव्हतं. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, फॉर्म वेळेत आला नाही, असली कारणं.

मुलगी राहते त्या उत्तर कॅरोलिनात मेडिकेड वाढलं ते अगदी उशिरा, डिसेंबर २०२३ मध्ये. २०२४च्या उन्हाळ्यात मी तिथे होते. शेजारी एक मराठी डॉक्टर राहतात, निवृत्त, भूल देणारे. दर मंगळवारी संध्याकाळी ते एका चर्चच्या तळघरातल्या मोफत दवाखान्यात रक्तदाब तपासायला जातात. "चला बाई, इतिहास वाचता ना, वर्तमानही बघा," म्हणाले. गेले. घडीच्या खुर्च्या, भिंतीवर रविवारच्या शाळेतल्या मुलांची चित्रं, टेबलावर साखर तपासायच्या पट्ट्या. छपरं दुरुस्त करणारे दोघे मजूर होते, त्यांना इंग्रजी येत नव्हतं, एक कॉलेजची मुलगी स्पॅनिशमध्ये सांगत होती. इथेही पगाराचा कागद मागतात, मी पाहिलं. पण नसला तर काउंटरवरच्या आजीबाई म्हणाल्या, पुढच्या वेळी आणा, आधी आत जा. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या बाई बदली शिक्षिका होत्या. नेहमीच्या बाई रजेवर गेल्या की दिवसाच्या मजुरीवर वर्ग सांभाळायचा. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांसारखंच. मेडिकेडसाठी कमाई थोडी जास्त, विम्याच्या हप्त्यासाठी फार कमी. मधुमेहाच्या गोळ्या अर्ध्या करून पुरवत होत्या. मी शिक्षिका होते म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला तो तब्येतीचा नाही. विचारलं, तुमच्या वर्गात मुलं किती असायची? साठ म्हटल्यावर त्या अशा काही हसल्या, की काउंटरवरच्या आजीबाई वळून पाहू लागल्या.

येताना गाडीत डॉक्टरांना विचारलं, यातल्या कुणाला कॅन्सर निघाला तर? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "फोन करत बसायचं. ओळखीचा सर्जन, ओळखीचं इस्पितळ. कधी जमतं, कधी नाही." म्हणजे पुन्हा चिठ्ठीच की!

देशात असे मोफत दवाखाने सुमारे १,४०० आहेत, वर्षाला वीस लाखांच्या आसपास माणसं तिथे येतात. विमा नसलेले लोक २०२४ मध्ये अडीच कोटींहून जास्त होते. ४ जुलै २०२५ रोजी तिथे नवा कायदा झाला. आर्कान्सातला तो महिन्याला ८० तासांचा नियम, थोड्याफार फरकाने, आता वाढीव मेडिकेड घेणाऱ्या सगळ्या राज्यांना लागू करायचा आहे, त्यासाठी १ जानेवारी २०२७ ही तारीख ठरवली. अमेरिकी संसदेच्याच हिशेब कार्यालयाचा अंदाज असा, की या कायद्यामुळे २०३४ पर्यंत विमा नसलेल्यांत एक कोटीची भर पडेल. वीस लाखांना जेमतेम पुरणाऱ्या तळघरांत हे एक कोटी मावायचे कुठे? दवाखान्यांचं कौतुक करणारी भाषणं दोन्ही पक्षांचे पुढारी करतात. दवाखाने चालवणारे मात्र, मी ऐकलेले तरी, कौतुकाने फारसे सुखावत नाहीत. त्यांना मीनासारखं बंद पडायचं असतं.

शेजारच्या डॉक्टरांचा मागच्या दिवाळीला फोन आला होता. २०२४ मध्ये त्यांच्याकडे चर्चा चालली होती, की मेडिकेड वाढल्यामुळे गर्दी कमी झालीय, तर दर मंगळवारऐवजी महिन्यातून दोनदाच उघडावं का. आता मंगळवारबरोबर गुरुवारही सुरू करायचं ठरलंय. फक्त दातांचा डॉक्टर मिळत नाहीये. माझ्या जावयाच्या ओळखीत कुणी आहे का, म्हणून विचारत होते.